वाटेवर पाणी मागायचं नाही

ताप

रेणूला ताप आला की आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार असायचं. ऊन लागलं, दाढ येतेय, दृष्ट लागली, शाळेच्या गेटवरचा बर्फगोळा बाधला. बजाजनगरात घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की एका घरात थर्मामीटर झटकला तरी शेजारी कळतं. मी त्या सगळ्या कारणांवर एकेकदा विश्वास ठेवला. ताप गोड औषधाच्या बाटलीने उतरायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचा. सर्दी नाही, खोकला नाही, घसा स्वच्छ. नुसता फणफणता ताप, आणि तो चढताना अंगाला असं कापरं भरायचं की पलंग वाजायचा.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता दहावीत आहे आणि मी हे लिहायला बसले तेव्हा तिनेच मला दम दिला, "आई, शू हा शब्द लिहायला लाजू नकोस, नाहीतर काही लिहूच नको." म्हणून पहिल्याच पानावर लिहून टाकते. हे सगळं शू विषयी आहे. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथेच मुरडून घ्यावं.

रेणूचे पप्पा वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. मी घरीच ब्लाउज शिवते. माझं माहेर सोयगाव, सासर पिशोरजवळचं. सासर मेंढपाळांचं. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या, त्यामुळे सासरी मला धाक दाखवायला एकच माणूस होता, माझे सासरे. त्यांना घरदार, गाव, आणि मला वाटतं मेंढरंसुद्धा, आबा म्हणायची.

आबांची शाबासकी

ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. रोज कुठेतरी नवी इमारत उभी राहायची, तिच्यासाठी नवं बोअर पाडलं जायचं, आणि जुन्या बोअरवाल्यांचं पाणी आणखी खाली जायचं. आमच्या नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. टँकरचा हॉर्न ऐकला की आम्ही बायका शिवण, फोडणी, आंघोळ, असेल ते टाकून पळायचो. लेकरंही त्यात तयार झाली होती. भांडं विसळलेलं पाणी झाडाला, झाडाखालचं बादलीत. रेणू तर दात घासताना पेल्यात पाणी उरवून दाखवायची आणि मी तिला जवळ घ्यायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती आबांकडे राहायला गेली. मेंढपाळांच्या घरात एक रीत आहे. मेंढरं घेऊन माणसं चालायला लागली की मधे कुणी पाणी मागत नाही, कुणी थांबा म्हणत नाही. एक थांबला की कळप विस्कटतो. जे लेकरू पूर्ण वाट तोंड मिटून चालतं, त्याचं मुक्कामाला गेल्यावर चारचौघांत कौतुक होतं. आबांनी रेणूला दोन-चार दिवस मेंढरांमागे नेलं, आणि ती पोरगी त्या परीक्षेत अशी पास झाली की काही विचारू नका.

सुट्टी संपल्यावर आबा तिला एसटीने सोडायला आले. घरात पाऊल ठेवायच्या आधी उंबऱ्यातूनच सांगायला लागले, "सुनीता, ही पोरगी लई गुणाची हाय. पिशोरपासून हितवर गाडीत ना पानी मागितलं, ना खाली उतरायचं म्हणली. आमच्या घरातला गडी शोभतो गडी."

रेणूची मान ताठ झाली होती. आणि मी, दुष्काळातली आई, मलाही ते ऐकून बरंच वाटलं.

रिपोर्टचा दिवस

त्यानंतरच्या तापाने मात्र आम्हाला सरळ हॉस्पिटलात नेलं. रेणूला उलट्या सुरू झाल्या, पाठीला हात लावू देईना. नेहमीच्या डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे पहिल्यांदा कुणीतरी तिची लघवी तपासली. इतक्या तापांत ते एकदाही झालं नव्हतं.

वॉर्डात दिवस कसे जातात ते जे राहिले आहेत त्यांना माहीत आहे. सकाळी फरशी पुसली जाते तेव्हा सगळ्यांच्या चपला-पिशव्या पलंगावर चढतात. मग डॉक्टरांचा राउंड, मग सलाइन, मग शेजारच्या पलंगावरच्या आईबरोबर दुःखांची अदलाबदल. तिचं बाळ रेणूपेक्षा आजारी होतं, तरी ती मला म्हणाली, "तुमी डबा खाऊन घ्या, मी बसते हिच्यापाशी." अशा माणसांची नावंही आपण विचारत नाही.

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. रेणूचे पप्पा, मी, आणि तार मिळाल्यासारखे पिशोरहून धावत आलेले आबा. डॉक्टरबाई बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. रेणूला विचारलं, "दिवसातून किती वेळा शू ला जातेस गं?"

"सकाळी. आणि शाळेतून आल्यावर."

"आणि शाळेत?"

"शाळेत मी जातच नाही," रेणू म्हणाली. "तिथं पाणी नसतं, कुलूप असतं. मी सगळ्यांत जास्त वेळ धरू शकते. वर्गात माझा पहिला नंबर आहे."

तापाने सुकलेल्या तोंडाने ती हे इतक्या अभिमानाने म्हणाली, की डॉक्टरबाईंनी क्षणभर चष्मा काढून हातात घेतला. मग आम्हाला समजावलं. लघवीच्या पिशवीतून लघवी खाली जायला हवी. रेणूची थोडी उलटी वर जाते, किडनीकडे. हे जन्मापासूनच आहे. "यात तुमचा कुणाचा दोष नाही, हे आधी ऐकून घ्या. पण ती जितकी धरून ठेवेल, जितकं कमी पाणी पिईल, तितके जंतू साठणार आणि वर जाणार. ते किडनीला ओरखडे पाडतात. उजवी लहान राहिली आहे, खराब झाली आहे. ते आता भरून येत नाही. डावी आपल्याला वाचवायची आहे."

पुढेही त्या बोलत होत्या. मला "भरून येत नाही" एवढंच ऐकू येत राहिलं. दोष नाही म्हणाल्या होत्या, तेही ऐकू आलं होतं, पण त्या वेळी मला कुणाचा तरी दोष हवाच होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी आबांवर तुटून पडले. येणारे-जाणारे बघत होते. "गडी शोभतो म्हणायचात ना? लेकराची किडनी गेली तुमच्या शाबासकीपायी!"

आबांनी डोक्याचा पटका काढला, हातात धरला, परत बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ते निघून गेले.

"आबाला असं बोलायला नको होतं," रेणूचे पप्पा म्हणाले.

"मग कुणाला बोलू? तुम्हाला बोलू?"

"व्हय. मला बोल," ते म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पुढच्या दहा चुका माफ केल्या आहेत. अकरावी अजून बाकी आहे.

घोंगडी

रेणूला घरी आणलं. आम्हाला काही गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. रोज झोपताना औषधाचा एक छोटा डोस, आणि दिवसभर दर दोन तासांनी पाणी आणि दर दोन तासांनी शू, लागलेली असो वा नसो. शू झाली की थोडं थांबून पुन्हा बसायचं, म्हणजे पिशवी पूर्ण रिकामी होते. पोट साफ राहिलं पाहिजे. अंगात ताप दिसला की त्याच दिवशी लघवीची तपासणी. जंतू असेच वारंवार डोकं वर काढत राहिले तर ऑपरेशन.

ऐकायला सोपं. करायला बसलं की कळतं. रेणू पेल्याकडे बघून तोंड फिरवायची. "मला नाही लागली तहान." तिला खरंच लागत नव्हती. तिने तहानेला गप्प बसायला शिकवलं होतं. मी रागावले, रडले, सरबत केलं, गोष्टीचं आमिष दाखवलं. ती एक घोट घ्यायची आणि बाकीचं पाणी माठात परत ओतायला निघायची, वाया जाऊ नये म्हणून.

अशाच एका सकाळी दारात आबा उभे. खांद्यावर घोंगडी, हातात तांब्या, पायात धूळ. मला वाटलं पप्पांना भेटायला आले असतील.

"मेंढरं?" मी विचारलं.

"धाकट्याकडं दिली. त्यो गंगथडीला घेऊन गेला."

दुष्काळात कळप धाकट्या भावाच्या हवाली करून, गोदावरीकाठी धाडून येणं म्हणजे काय, हे मला त्या घरात येऊन पुरेसं कळलं होतं. त्या माणसाने आयुष्यात मेंढरांपासून लांब सलग दोन रात्री काढल्या नव्हत्या. मुलाच्या लग्नातसुद्धा जेवणं उरकली तसे ते वाड्यावर परतले होते, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर.

"किती दिवस राहणार?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"डागदरीन म्हणली ना, डावी वाचवायची," आबा म्हणाले. "तवर."

मग ते रेणूसमोर मांडी घालून बसले. "पोरी, ती वाटंवरची रीत मेंढरांमागची हाय. घरात न्हाई, शाळंत न्हाई, गाडीत न्हाई. म्या चुकीची सांगितली. आता नवी रीत. तू पिशील तवा म्या पिनार. तू जाशील तवा म्या जानार. कोन हरतंय बगू."

मोठ्या माणसाने लेकरापुढे इतक्या सहज "चुकीची सांगितली" म्हणावं, हे मी माझ्या माहेरीही कधी बघितलं नव्हतं. माझा राग तिथेच विरघळला, पण मी तसं दाखवलं नाही. चहात साखर जरा जास्त घातली, एवढंच.

शीळ

ओढ्यावर मेंढरं पाण्याला लावली की आबा एक लांब, सपाट शीळ घालायचे. त्या शिळेवर जनावर बिचकत नाही, निवांत मान खाली घालून पितं. आपल्याकडे बैलांनाही लोक अशीच शीळ घालतात. आता ती शीळ बजाजनगरात सुरू झाली. रेणूने पेला तोंडाला लावला की आबांची शीळ, पेला खाली गेला की बंद. रेणू मधेच थांबून बघायची, तर शीळही थांबायची. ती हसायची आणि उरलेलं प्यायची. संडासाच्या दाराबाहेरही तेच. आत रेणू, बाहेर आबा.

"आबा, ती काय बैल आहे का?" मी एकदा वैतागून म्हणाले. "गल्लीतली माणसं हसायलीत."

"हसू दे की. तेवढीच करमणूक."

स्वतः आबांचे मात्र हाल होते. उभ्या आयुष्यात ज्याने दिवसाला दोन तांबे पाण्यावर भागवलं, तो माणूस रेणूच्या बरोबरीने पेल्यामागून पेले रिचवत होता. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. रेणूचे पप्पा रात्रपाळी करून झोपलेले असत, त्यांना दार वाजून वाजून झोप लागेना. "आबाला पन तपासून आणावं लागंल," ते चादरीतून म्हणायचे.

पाण्याचं कसं जमलं, असं मला लोक विचारतात. गल्लीने जमवलं. टँकर आला की शेजारच्या काकू रांगेत ओरडायच्या, "रेणूची घागर आधी!" कुणी कधी कुरकुर केली नाही. त्याच रांगेत एरवी हंड्यांवरून केस ओढण्यापर्यंत मजल जायची, मी स्वतः त्यात मागे नव्हते. पण रेणूच्या घागरीपुढे कुणी आपला हंडा सरकवला नाही.

शिशाचा ॲप्रन

जंतू पूर्ण गेल्यावर एक मोठी तपासणी ठरली. जिच्या लेकराची ही तपासणी व्हायची असेल तिने हा भाग नीट वाचावा. नळीतून पिशवीत औषध भरतात आणि मग लेकराने एक्स-रेच्या टेबलावर, लोकांसमोर, शू करायची असते. लघवी उलटी किती वर जाते आणि कुठल्या बाजूला, ते तेव्हाच दिसतं.

नळी घालताना रेणू रडली, मीही. ते चटकन झालं. खरं अवघड नंतर होतं. मी शिशाचा जड ॲप्रन घालून तिच्या डोक्याशी उभी होते. डॉक्टरबाई पडद्यापाशी. मशीन चालवणारे एक दाढीवाले चाचा होते, बोलायला फार मायाळू. ते म्हणाले, "हां बेटा, अब कर डालो."

रेणूने मांड्या आवळल्या.

"कर बाळा," मी म्हणाले.

"आई, गादीवर कसं करू?" ती पुटपुटली. इतकी वर्षं आपणच शिकवतो, गादीवर करायचं नाही, कुणासमोर करायचं नाही. आणि ही तर वर्गात पहिल्या नंबराची. पोट टम्म झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती सोडेना. वेळ जायला लागला. चाचांनी त्यांचा नेहमीचा उपाय काढला. मगातून बादलीत पाण्याची बारीक धार सोडली, आवाजाने व्हावी म्हणून.

रेणूने मान वळवून ती धार बघितली. "काका," ती रडत रडतच म्हणाली, "पाणी वाया चाललंय."

चाचांचा हात थांबला. डॉक्टरबाई पडद्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या क्षणी मला दुष्काळाचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. सहा वर्षांचं लेकरू, नळी लावलेलं, आणि त्याला बादलीतल्या पाण्याची काळजी.

मग मला सुचलं. मी तशीच, तो जड ॲप्रन घालून, दारापाशी गेले आणि दार किलकिलं केलं. बाहेर बाकावर आबा पटका मांडीवर घेऊन बसले होते. सकाळीच मी त्यांना बजावून आणलं होतं की हे मोठं हॉस्पिटल आहे, इथे शीळबीळ चालणार नाही.

"आबा," मी म्हणाले, "शीळ घाला."

"हितं?"

"हितंच. मोठ्यानं."

ते उठून दारापाशी आले. पहिली शीळ कोरडीच निघाली, नुसती हवा. त्यांनी ओठ ओले केले. मग ती आली, ओढ्यावरची, लांब, सपाट. बाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी "ए बाबा" म्हणून हटकलंही. आतून चाचा ओरडले, "बजाते रव चाचा, बंद नक्को करो!"

रेणू आधी हसली. मग तिचे पाय सैल झाले. टेबलावर, सगळ्यांसमोर, शिळेच्या तालात तिने मनसोक्त शू केली. मशीन खटखट चालू होतं, आणि संपलं तरी आबा थांबेनात, कारण त्यांना आत काय झालं ते दिसत नव्हतं. शेवटी डॉक्टरबाईंनीच दार उघडून सांगितलं, "आजोबा, झालं. फार छान झालं."

फोटोत दिसायचं ते दिसलं. उजवीकडे बरीच वर जात होती, डावीकडे थोडी. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही करताय तेच करत राहा, वर्षभराने डावीचा पुन्हा स्कॅन करू. तिच्यावर नवा ओरखडा दिसला तर ऑपरेशन. ते वर्ष आम्ही त्या एका वाक्याखाली काढलं.

कुलूप

घरात शीळ होती, पण शाळेत कुलूप होतं. मी मुख्याध्यापकांना भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, पाणीच नाही तर उघडून काय करू? घाण होईल, रोगराई होईल." डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी रेणूला घरी जाऊन यायची परवानगी दिली. पण घर लांब, मधे कंपन्यांच्या ट्रकचा मोठा रस्ता.

दुसऱ्या दिवसापासून आबा कॅन घेऊन शाळेत जायला लागले. सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधायचा आणि सायकल हातात धरून चालत जायचं, कारण सायकल चालवायला त्यांना येत नव्हती. घंटा झाली की मुख्याध्यापकांच्या परवानगीने शिपाई कुलूप काढायचा, आबा दोन तांबे पाणी आत ठेवायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. पुढच्या घंटेला पुन्हा. आठवडाभरात रेणूच्या मागे तिची मैत्रीण आली. मग आणखी दोघी. धरून ठेवणाऱ्या तिथे कितीतरी होत्या, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कॅनचं पाणी पुरेना, तेव्हा रेणूच्या वर्गशिक्षिकेने पालकांच्या बैठकीत विषय काढला, आणि शाळेच्या टाकीसाठी टँकर सुरू झाला. कुलूप निघालं. आबा तरी कॅन घेऊन जातच राहिले. "टँकर आज हाय, उद्या न्हाई," ते म्हणायचे.

संध्याकाळी मात्र ते एकटेच कंपन्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटकडे फिरायला जायचे. तिथे कुणाच्या चार-दोन शेळ्या चरत असायच्या. एकदा मी भाजी आणायला गेले तर कुंपणाला टेकून उभे होते. "हितं कंपनी व्हायच्या आदी आमी मेंढरं बसवली हुती," म्हणाले. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढपाळांचा कळप रात्री शेतात मुक्कामाला ठेवून घेत, त्याला मेंढरं बसवणं म्हणतात. "लई चांगली माती हुती."

त्याच दिवशी धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. गंगथडीला चारा नव्हता, त्यांच्या कळपातल्या म्हाताऱ्या मेंढ्या दगावल्या होत्या. हे मला पप्पांकडून कळलं. आबांनी घरात चकार शब्द काढला नाही. रात्री रेणूचा पेला भरून समोर ठेवला आणि शीळ घातली. मी चुलीपाशी पाठ करून उभी होते. ती शीळ मी आजवर विसरलेली नाही.

जळतंय

उन्हाळ्यात एका दुपारी रेणू शिवणयंत्रापाशी येऊन उभी राहिली. "आई, शू करताना जळतंय."

मी मशीन थांबवलं. ताप नव्हता, अंग गार. पूर्वीची रेणू हे बोललीच नसती. दात आवळून, पहिल्या नंबराने, तापाने पडेपर्यंत गप्प राहिली असती. मी तिला उचलून एवढे मुके घेतले की ती घाबरली. संध्याकाळच्या आत लघवी तपासायला गेली, रात्री औषध बदललं. जंतू होते. ताप आलाच नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे चांगलं नाही झालं, पण लवकर कळलं हे फार चांगलं झालं." मी मात्र त्या दिवसापासून स्कॅनच्या तारखेला भ्यायला लागले. त्या एका दुपारी डावीला काही झालं असेल तर?

लेकराला हा आजार असलेल्या आयांना मी एवढंच सांगेन. लेकरू काही मागायला, सांगायला लागलं की हातातलं काम टाका. कितीही चुकीच्या वेळी मागू दे. ज्या लेकराचं आपण "काही त्रासच देत नाही" म्हणून कौतुक करतो, त्याच्याकडे एकदा नीट बघा.

डावी

स्कॅनच्या दिवशी आबांनी कोरा पटका बांधला. रेणूचे पप्पा सुट्टी टाकून आले. रिपोर्ट मिळेपर्यंत रेणू तेवढी बोलत होती, बाकावर बसलेल्या माशीविषयी.

डॉक्टरबाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. "उजवी आहे तशीच," त्या म्हणाल्या. "आणि डावी स्वच्छ. एकही नवा ओरखडा नाही. ऑपरेशनची गरज नाही."

रेणूचे पप्पा भिंतीकडे वळले. मी रडले, ते मी नेहमीच रडते. आबांनी विचारलं, "म्हंजे वाचली?"

"वाचली, आजोबा."

"मग म्या जाऊ का मेंढरांकडं?"

डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. आबा मागे सरकत "अवो डागदरीनबाई, नगं नगं" करत राहिले.

उजवी आजही लहानच आहे. वर्षातून एकदा रक्तदाब, रक्त, लघवी, हे जन्मभर. डावी दोघींचं काम करते. रेणू म्हणते, डावखुरी किडनी.

गाडी

त्या स्कॅननंतर आम्ही सगळे आबांना सोडायला पिशोरच्या एसटीत बसलो. पाऊसपाणी झालं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रब्बीचा मका डोक्याच्या वर गेला होता. गाडी खच्चून भरलेली. लग्नाला निघालेल्या बायका, टोपल्या, कडेवर लेकरं. शहर मागे पडून बराच वेळ झाला होता. रेणू माझ्या कानाशी आली. "आई, मला लागली."

गाव लांब होतं. कंडक्टरने नुकतीच दोरी ओढून दोन घंटा दिल्या होत्या आणि गाडीने वेग घेतला होता. मी गर्दीकडे बघितलं. अजून सांगते, माझ्या तोंडावर आलं होतं, थोडी धर.

त्याआधीच पुढच्या बाकावरून आबा वळले. "आईला कामून सांगतीस? तिच्या हातात गाडी हाय का? कंडक्टरला सांग. मोठ्यानं सांग."

रेणू सीटवर उभी राहिली. एका हाताने वरचा दांडा धरला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ काका, गाडी थांबवा! मला शू लागलीय!"

गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "अगं बाई, आता गाव येतंयच की."

"न्हाई," आबा उभे राहिले. "आत्ताच थांबायची."

गाडी बाजूला घेतली. मी रेणूला घेऊन खाली उतरले. मागून लग्नाच्या बायकांतली एक हळूच उतरली, पदर सावरत. मग दुसरी. मग कडेवर लेकरू असलेली एक. मग एक म्हातारी, "उतरा गं, ह्या पोरीनं थांबवलीच हाय तर" असं म्हणत. बघता बघता गाडीतल्या जवळजवळ सगळ्या बायका मक्यात शिरल्या. कुठल्या गावापासून धरून बसल्या होत्या कोण जाणे.

आम्ही परत आलो तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. आबा गाडीच्या दाराशी, मक्याकडे पाठ करून, पाण्याची बाटली हातात धरून उभे होते आणि शीळ घालत होते.